चोर पकडायची काच

५ सप्टेंबर

ताई,

खुशालीचं पुढच्या पत्रात लिहितो, आज आधी काम. फोन करणार होतो, पण तुझं म्हणणं की मी फोनवर नुसता हं हं करतो, आणि ते खरं आहे. लिहायला बसलो की निदान वाक्य पुरं होतं.

खारूला फळ्यावरचं दिसत नाही. जिच्या बापाचं चष्म्याचं दुकान, तिलाच फळा दिसत नाही, हे वाचून तू हसशील ते मला इथे ऐकू येतंय. हस. दिव्याखाली अंधार म्हण. पण मी तिचे डोळे तपासले, आणि ते उत्तम आहेत. तिथेच माझी पंचाईत झाली आहे.

तू दुकान पाहिलेलं नाहीस (टोमणा समजू नकोस), म्हणून सांगतो. जागा अरुंद आहे, त्यामुळे अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगलाय आणि समोर आरसा लावलाय. गिऱ्हाईक आरशात बघून वाचतं. खारूने खुर्चीत बसून सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचली. ती ओळ मलासुद्धा आता अंदाजाने वाचावी लागते. मी म्हटलं, "मग फळा का नाही दिसत?" तर म्हणाली, "आधी दिसतो. मग नाही दिसत." मी विचारलं, अंधुक दिसतं का? नाही. दोन-दोन दिसतात का? नाही. डोकं दुखतं का? कधी कधी. मग काय होतं? "माहीत नाही, बाबा."

यंदा ती मोठ्या शाळेत गेली आहे. वर्गशिक्षिकेने काळजीपोटी तिला पहिल्या बाकावर बसवलं, तर तिथून आणखीच दिसेनासं झालं. आता मला सांग, जवळ गेल्यावर कमी दिसणारी ही कुठली दृष्टी? पंचवीस वर्षं हेच काम करतोय, असा डोळा पाहिला नाही.

तरी मी तिला पाव नंबरचा चष्मा करून दिला. पाव नंबर म्हणजे काहीच नाही, मनाचं समाधान. दोन दिवस बरं म्हणाली. मग पुन्हा पहिले पाढे.

तू आम्हा सगळ्यांना वाढवलंस, पोरांचं तुला जास्त कळतं. काय करू?

तुझा,
धाकटा

१२ सप्टेंबर

धाकट्या,

हसले. खोटं कशाला बोलू, मशीनवरचा पाय थांबवून हसले. हाताखाली पडद्याचं कापड होतं, तेही हललं.

तू लहानपणापासून असाच. चप्पल सापडली नाही की आधी छपरावर शोधायचास. अरे, अकरा वर्षांची पोर आहे. वर्गात एखादीला नवा चष्मा आला असेल, छानसा, रंगीत दांड्यांचा. हिलाही हवासा वाटला, आणि बाप तर चष्मेवालाच. माझ्याकडे माप द्यायला येणाऱ्या बायकांच्या मुली हेच करतात. एकीने दातांना तार हवी म्हणून महिनाभर दात दुखायचं सोंग केलं होतं. माझ्या मते हिला डोळ्याचं दुखणं नाही, चष्म्याचं आहे. आणि तू तो करूनही दिलास. शाब्बास. पुढच्या महिन्यात तिला घड्याळ हवं झालं, की वेळ कळत नाही म्हणेल.

नवी शाळा आहे, थोडं होतंच. तिला बसवून घे आणि गोडीगुलाबीने विचार. नाहीच सांगितलं, तर तुम्हा लोकांकडे काहीतरी युक्ती असेलच.

मी आलेच असते दोन दिवस, पण गुडघे. बसच्या पायऱ्या चढायच्या म्हटलं की जीव नको होतो. दुकान बघायचं राहतंय ते माझ्याही लक्षात आहे, त्याला टोमण्याची गरज नाही.

भावजयीला सांग, कारखान्यात पाळी लावून घेताना जेवणाची आबाळ करू नकोस म्हणावं. खारूला पापा.

ताई

२४ सप्टेंबर

ताई,

युक्ती होती. तू लिहिलंस आणि मला आठवली.

आमच्या धंद्यात हिला मी चोर पकडायची काच म्हणतो. तपासायच्या फ्रेममध्ये एक अधिकची काच घालायची आणि तिच्यावर तेवढीच उण्याची. दोन्ही मिळून होते शून्य, म्हणजे खिडकीची साधी काच. पण चष्मा दिसतो जाडजूड. पोराला सांगायचं, "हा तुझा खरा नंबर, आता वाच." सगळं वाचलं, की समजायचं नंबरबिंबर काही नाही, साहेबांना फक्त चष्मा हवाय. आजवर कितीतरी पोरं मी अशी पकडली आणि त्यांच्या आयांचा खर्च वाचवला.

शनिवारी खारूला बसवलं. काचा चढवल्या. म्हटलं, हा घातलास की फळा दिसणारच. तिने विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. तिने सगळा तक्ता वाचला, आणि ताई, इतकी खूश झाली की उठून मला मिठी मारली. मी तिथेच काचा काढून तिच्या हातात दिल्या आणि म्हटलं, "यात काहीच नाही. शून्य आहे. आता सांग, का खोटं बोललीस?"

ती काचांकडे बघत बसली. रडली नाही. "मी खोटं नाही बोलले," एवढंच म्हणाली. मग मी बोललो. जरा जास्तच बोललो. दुकानात एक गिऱ्हाईक होतं, त्याच्यासमोर बोललो.

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. पाव नंबरचा चष्मा दुकानाच्या ड्रॉवरमध्ये आणून ठेवला. खारूची आई माझ्यावर चिडली आहे. म्हणते, तू पोरीची झडती घेतलीस. मी म्हटलं, मी डोळे तपासले. ती म्हणते, तेच ते.

मी बरोबर होतो, ताई. काच कधी चुकत नाही. मग मला असं चोरट्यासारखं का वाटतंय?

धाकटा

१ ऑक्टोबर

धाकट्या,

कारण तुझं काळीज लोण्याचं आहे, म्हणून. पोरीला पकडलंस, चार शब्द सुनावलेस, झालं. आता माघार घेऊ नकोस. आज खोट्याला गोंजारलंस तर उद्या डोक्यावर मिऱ्या वाटेल. चार दिवस तोंड फुगवेल, पाचव्या दिवशी खाऊ मागेल. तूही तसाच होतास, आणि तुझं फुगलेलं तोंड मी आठवडाभर बघितलेलं आहे.

शाळेत मात्र रोज जाऊ दे. एकदा घरी राहायची सवय लागली की सुटत नाही. हे माझं ऐक.

इकडे पडद्यांची मोठी ऑर्डर आली आहे. नव्या हॉटेलच्या सगळ्या खोल्यांचे पडदे. मालक म्हणाला, एकदा येऊन खिडक्या बघून जा. मी म्हटलं, मापं पाठवा, मी इथूनच करते. गुडघ्यांचं सांगितलं.

ताई

३० ऑक्टोबर

ताई,

चार दिवस म्हणालीस, चार आठवडे झाले. मध्ये लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. अजूनही कळत नाही, पण लिहितो.

गेल्या आठवड्यात शाळेतून फोन आला की खारू सापडत नाही. मी दुकान उघडं टाकून पळालो. भूगोलाच्या बाईंनी तिला उभं करून फळ्यावरचा परिच्छेद वाचायला सांगितला होता. ती उभी राहिली, काही बोलली नाही, आणि वर्गातून चालायला लागली. पोरं हसली म्हणे. मी पोचलो तोवर ती सापडली होती. खेळाचं सामान ठेवतात त्या खोलीत, गाद्यांच्या मागे. हात बर्फासारखे. श्वास असा चालला होता, जणू शर्यत धावून आली असावी. मला बघून म्हणाली, "बाबा, खरंच दिसत नव्हतं." आणि मग रडली. सप्टेंबरपासूनचं सगळं एकदम रडली.

डॉक्टरकडे नेलं. रक्त, छाती, कान, सगळं ठीक. त्यांनीच सांगितलं की शाळेशी बोला.

शाळेत दर गुरुवारी एक समुपदेशक बाई येतात. मुलांशी बोलतात. मुख्याध्यापक म्हणाले, खारूला त्यांच्याकडे बसवू, पण आईवडील दोघांची सही लागते. तिच्या आईने तिथल्या तिथे केली. मी म्हटलं, विचार करून सांगतो.

ताई, माझी गत अशी आहे की धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सही करावी, तर पोरीवर शिक्का बसेल की हिच्या डोक्यात काहीतरी आहे. चष्म्याच्या दुकानात येणारे सगळे शाळेतलेच पालक आहेत, गोष्ट लपायची नाही. न करावी, तर ती गाद्यांमागची पोर डोळ्यांपुढून हलत नाही. तिची आई म्हणते, दात दुखला तर तू दातवाल्याकडे नेतोस ना? मी म्हटलं, दात दिसतो. ती म्हणाली, तुला फक्त दिसतं तेच दिसतं.

मी तुझ्या शब्दाबाहेर नाही, हे तुला माहीत आहे. तू हो म्हणालीस तर उद्या सही करतो. नाही म्हणालीस तर नाही.

धाकटा

६ नोव्हेंबर

धाकट्या,

नको.

समुपदेशक हा शब्द मला नीट उच्चारताही येत नाही, आणि जे उच्चारता येत नाही त्याच्या हवाली पोर करायची? कोण कुठली बाई, ती विचारणार, घरात भांडणं होतात का, बाप मारतो का. पोर काहीतरी बोलून बसणार. एकदा का मनाचं म्हणून ठरलं, की ते पुसता येत नाही. तुझं पाव नंबर, अर्धा नंबर कागदावरून खोडता येतं. हे नाही येत. तुझ्या भावजयी... बघ, काय लिहिते आहे. तुझ्या बायकोला म्हणावं, दातवाल्याची गोष्ट वेगळी.

जरा थांबू. वय आहे, निघून जाईल. बऱ्याच गोष्टी आपोआप निघून जातात. ज्या जात नाहीत त्यांची सवय होते.

पण एक कर. उभी राहिल्यावर तिला नेमकं काय होतं ते तिलाच मला लिहायला सांग. तुम्ही कुणी वाचू नका. पाकीट तिनेच चिकटवावं. तुम्ही दोघं विचारता तेव्हा ती तुमच्या तोंडाकडे बघून उत्तर देत असणार. माझं तोंड तिला कुठे दिसतंय.

ताई

१२ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

बाबा म्हणाले तुला सगळं लिही आणि आम्ही वाचणार नाही. मी डिंक लावून वर पट्टी पण चिकटवणार आहे.

आधी मला कळतं की आता होणार आहे. बाई अजून दुसऱ्याच मुलीशी बोलत असतात, तरी कळतं. मग कानात पाण्याखाली गेल्यासारखं होतं. बाई बोलतात पण लांबून. मग फळ्यावरची अक्षरं मुंग्या होतात. म्हणजे ती असतात तिथेच, पण चालायला लागतात. मग कडेने काळं होत येतं आणि मधे एवढुसं भोक राहतं. त्या भोकात बाईंचं तोंड असतं. हात माझे नसतात. म्हणजे असतात, पण मी हलवत नसते. छातीत इतकं जोरात वाजतं की मला वाटतं मागच्या मुलींना ऐकू येत असणार. पहिल्या बाकावर जास्त होतं कारण सगळे मागे असतात.

मला वाटतं मी मरणार. मग मरत नाही. मग सगळं परत येतं आणि मला खूप झोप येते.

आता ते बसमध्ये पण झालं. म्हणून मी आईला सांगितलं की मला चालत जायला आवडतं.

बाबांनी तो जाड चष्मा घातला तेव्हा मला खरंच वाटलं की आता नाही होणार. बाबांना सगळे नंबर कळतात ना, म्हणून. मग ते म्हणाले शून्य.

मी खोटं नाही बोलत. मला वाटतं मी वेडी होत आहे. हे आईबाबांना सांगू नको. तुला असं कुणी माहीत आहे का?

तुझी,
खारू

९ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र का नाही? फोन केला तर उचलत नाहीस. शेजारच्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, मशीनचा आवाज येतो आहे, म्हणजे बरी आहे. मग मला काहीच समजेना.

खारू तुला काय लिहून गेली ते आम्हाला माहीत नाही. ती रोज विचारते, "आत्याचं पत्र आलं?" आधी शाळेतून आल्यावर विचारायची. आता सकाळीही विचारते, कारण शाळेत जातच नाही. सकाळी पोटात दुखतं. गणवेश घालून दारापर्यंत येते आणि तिथून परत फिरते. काल म्हणाली, "आत्या माझ्यावर रागावली असेल. मी नको ते लिहिलं." मी म्हटलं, तुझी आत्या रागावली की लगेच कळवते, तिला उशीर लागत नाही. पण मलाही खात्री नाही. तू कधी गप्प बसल्याचं मला आठवत नाही.

त्या समुपदेशक बाईंनी निरोप पाठवला आहे की सुट्टीनंतर गुरुवारची ही वेळ दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल. म्हणाल्या, सुरुवात आहे तोवर या, अंगवळणी पडायच्या आत. खारूची आई माझ्याशी बोलत नाही. घरात तीन माणसं आणि कुणीच कुणाशी बोलत नाही, फक्त भांडी आदळतात.

मी तुझ्या उत्तरासाठी थांबलोय. थांबणं बरोबर की चूक, तेही आता कळत नाही.

धाकटा

१४ डिसेंबर

धाकट्या,

सही कर. हे पत्र पुढे वाचण्याआधी सही कर, मग वाच.

खारूचं पत्र आलं त्या दिवशी मी मशीनवरून उठले आणि दाराला कडी लावली. मला वाटलं कुणीतरी माझी चेष्टा करतंय. त्या मुंग्यांचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुला नाही, आईला नाही, कुणालाच नाही. कडेने काळं होऊन मधे भोक राहतं, तेही नाही. मग अकरा वर्षांच्या पोरीला ते कसं कळलं? दोन दिवस मी हाच विचार करत बसले, की हिला कळलं कसं. तिसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला. तिला कळलं नाही. तिला होतंय.

माझे गुडघे धडधाकट आहेत. दिवसभर पायाने मशीन मारते मी, दुखऱ्या गुडघ्यांनी हे जमतं का? तुला इतक्या वर्षांत हा प्रश्न पडला नाही, इतका तुझा माझ्यावर विश्वास. गुडघ्यांच्या आधी कंबर होती. तू दुकान उघडलंस तेव्हा कंबर होती, आठवतं? त्या दिवशी मी नवी साडी नेसून बसथांब्यापर्यंत गेले होते. बस आली. दारातली माणसं सरकली, मला जागा करून दिली. आणि मुंग्या. बस गेली. मी पुढच्या बसची वाट बघितली. तीही गेली. मग घरी येऊन तुला कळवलं की कंबर धरली आहे.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी ऑफिसात होते. तुम्हाला सांगितलं की तिथला साहेब वाईट आहे म्हणून नोकरी सोडली. साहेब देवमाणूस होता बिचारा. मला चारचौघांसमोर हिशेब वाचायला सांगितला, एवढाच त्याचा गुन्हा. मला वाटलं, वेड लागायची ही सुरुवात. वाटलं, बोललं नाही तर ते पुढे सरकणार नाही. म्हणून बोलले नाही. नोकरी सोडली, मग बस सोडली, मग बाजार सोडला. आता कापडवाला घरी येतो, गिऱ्हाइकं घरी येतात, सगळे म्हणतात बाई कामात किती बुडालेली असते.

मी नको म्हटलं ते शिक्क्याच्या भीतीने नाही. त्या बाईंनी पोरीला विचारलं आणि तिच्या त्रासाला नाव निघालं, तर ते नाव माझंही असणार. कसं कोण जाणे, मला ते आधीच कळलं असावं. मला ते ऐकायचं नव्हतं. माझ्यापायी पोरीचा महिना गेला. याचं मला फार वाईट वाटतं, आणि ते वाटलंच पाहिजे.

मला तेव्हाच कुणी एका खोलीत बसवून विचारलं असतं, की बाई तुला काय होतं, तर मी तुझं दुकान बघितलं असतं. तो आरसा बघितला असता. खारू जन्मली तेव्हा तिला मांडीवर घेतलं असतं. मी तिला फोटोतच ओळखते रे.

हे पत्र तिला वाचून दाखव. तिने विचारलं होतं, असं कुणी माहीत आहे का. सांग तिला, माहीत आहे.

ताई

१६ जानेवारी

ताई,

तू सांगितलंस त्याच क्रमाने केलं. आधी सही, मग पुढचं वाचलं. वाचून झाल्यावर शटर अर्धं खाली ओढून दुकानात बसून राहिलो.

मला इतकी वर्षं वाटायचं, मी दुसऱ्या गावात दुकान टाकलं म्हणून तुला राग आहे. म्हणून मीही हट्टाने आलो नाही. म्हटलं, ती येत नाही तर आपण का जावं. घ्या, हा तुमचा चष्मेवाला, लोकांची नजर दुरुस्त करतो.

खारूला तुझं पत्र वाचून दाखवलं. मधे मला थांबावं लागलं, तर तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि राहिलेलं स्वतः वाचलं. मग म्हणाली, "आत्याला पण मुंग्या?" मी म्हटलं, हो. "आणि ती मेली नाही?" मी म्हटलं, अगं, पडदे शिवतेय. त्या दिवशी ती पोटभर जेवली. मी मात्र जेवलो नाही.

मग गुरुवार. खोली म्हणजे वाचनालयाच्या बाजूची कोठडी, बुटक्या खुर्च्या, माझे गुडघे हनुवटीला. बाई इतक्या तरुण की मला वाटलं आधी कुणीतरी मोठं येईल. त्यांनी सांगितलं, याला पॅनिक अटॅक म्हणतात, भीतीचा झटका. वेड नाही. मुलांना होतो, मोठ्यांना होतो, आणि तो हाताळायला शिकता येतं. मी विचारलं, मग माझ्या शून्य काचांनी तिने सगळा तक्ता कसा वाचला? त्या म्हणाल्या, "तिथे वर्ग कुठे होता? तुमच्या आरशात तुम्ही दोघंच होता." मी त्यांना ती काचेची गोष्ट सगळी सांगितली. त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तिला सांगा, तुमचं चुकलं." एवढंच. घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे, बाबा." आता ठीक आहे म्हणजे खरंच ठीक आहे का, ते मला कळत नाही. विचारायचंही धाडस होत नाही.

तिला बरं वाटतंय का म्हणशील, तर सांगता येत नाही. पहिल्या बाकावरून उठवून तिला दाराजवळ बसवलं आहे, म्हणजे हवं तर बाहेर जाता येतं. दोन दिवस जाते, तिसऱ्या दिवशी पोट दुखतं. मागच्या आठवड्यात वर्गात एकदा झालं, पण ती गेली नाही, श्वास मोजत बसून राहिली. आल्यावर हे तिने आईला सांगितलं, मला नाही. मी आतल्या खोलीतून ऐकलं. मी गिऱ्हाइकाला दिवसभर विचारतो, ही काच बरी की ही? लोक गोंधळतात, म्हणतात, पुन्हा दाखवा. मी मनातून वैतागायचो. आता माझी तीच अवस्था आहे.

आत खारूची चिठ्ठी आहे. डिंक आणि पट्टी लावून दिली आहे, म्हणजे मी वाचलेली नाही.

तुझा,
धाकटा

प्रिय आत्या,

मी बाईंना तुझं सांगितलं. नाव नाही सांगितलं, फक्त एक बाई आहेत म्हटलं. त्या म्हणाल्या मोठ्यांसाठी पण असतं, कुठल्याही वयात. तुझ्या गावात पण असेल. तुला तिथपर्यंत जाता येणार नाही हे मी सांगितलं. त्या म्हणाल्या काही जण फोनवर पण बोलतात. तू फोन उचलत जा.

झालं की पाच गोष्टी बघायच्या आणि मनात त्यांची नावं घ्यायची. मी डस्टर, खिडकी, वेणी, वेणी, वेणी असं करते.

तुला येता येत नाही तर आम्ही येतो. बाबांनी रविवारची बस बघितली आहे. मला बसची भीती आहे पण आमचं ठरलंय, मला झालं तर मधल्या थांब्यावर उतरायचं आणि थोडं बसून पुढची पकडायची. कितीही वेळा. म्हणून किती वाजता पोचू ते सांगता येत नाही.

आत्या, तुला दारापर्यंत येता येतं ना?

खारू

२२ जानेवारी

खारू,

येतं. दारापर्यंत नक्की येतं.

बसथांब्यावर उभी असेन असं आधी लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. तुझ्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय. थांबा लांब आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथपर्यंत परवा जाऊन आले. अर्ध्यात झालं. मी सायकल, पंप, सायकल, सायकल, त्या माणसाची टोपी असं केलं. तो म्हणाला, बाई, काही हवंय का? मी म्हटलं, नाही, भाची येणार आहे.

रविवारी सकाळपासून त्या दुकानाशी असेन. तुम्ही कितीही वाजता या. तिथे नसले तर समज, मी घरी परत गेले आहे आणि पुन्हा निघते आहे.

तुझी,
आत्या